आमचे सर तसे नाहीत!

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री भारतीय महिला क्रिकेट संघाने ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य पार केले आणि विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली. त्याआधी अकरा दिवस, इंदूरमध्ये, हाच संघ इंग्लंडकडून अवघ्या चार धावांनी हरला होता. सलग तिसरा पराभव होता तो. संघनिवडीपासून डावपेचांपर्यंत सगळ्याच गोष्टींवरून मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांच्यावर टीका सुरू होती. इंदूरच्या पराभवानंतर ड्रेसिंग रूममध्ये मुजुमदार काय बोलले, हा विषय पुढे पत्रकारांसमोर निघाला तेव्हा उत्तर द्यायला कर्णधार हरमनप्रीत कौर स्वतः पुढे झाली. त्या दिवशी मी काहीच बोलले नाही, सगळे सरच बोलले. जरा कडक बोलले, पण ते मनापासून बोलतात आणि आम्ही ते चांगल्या अर्थानेच घेतले, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. विश्वचषक जिंकल्यावर तिने मुजुमदारांच्या पायांना हात लावला, ते दृश्य सगळ्या देशाने पाहिले.

मराठी घरांना हे वाक्य नवे नाही. मुजुमदार ज्यांच्या हाताखाली घडले, त्या रमाकांत आचरेकर सरांनी स्वतःचा सराव सामना सोडून दुसऱ्यांचा सामना बघायला गेलेल्या शाळकरी सचिनच्या थोबाडीत दिली होती. ही गोष्ट सचिन तेंडुलकरने स्वतः अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी कृतज्ञतेने सांगितली आहे. सर रागावले म्हणून आम्ही घडलो, असे सांगणारी माणसे प्रत्येक गल्लीत, प्रत्येक शाळेत सापडतात. ती खोटे बोलत नाहीत.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो क्रीडाविज्ञानाला गेली काही वर्षे छळतो आहे. एखाद्या प्रशिक्षकाच्या पद्धतीवर आक्षेप आला आणि त्याचेच खेळाडू ‘आमचे सर तसे नाहीत’ म्हणून उभे राहिले, तर त्या साक्षीवरून मैदानावर खेळाडूंचा जीव सुरक्षित आहे की नाही, हे कळते का? सरांचा स्वभाव कळतो, खेळाडूंचे त्यांच्यावरचे प्रेम कळते. सुरक्षिततेबद्दल मात्र फारसे काही कळत नाही, असे आजवरच्या अनुभवावरून दिसते. या अनुभवाचा सर्वांत मोठा साठा अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये आहे.

हा फुटबॉल म्हणजे पनवेल-उरणच्या मैदानांवर पायाने खेळला जातो तो नव्हे. चेंडू हातात घेऊन पळायचे, समोरच्याला अंगावर घेऊन पाडायचे, डोक्याला हेल्मेट आणि खांद्यापासून मांड्यांपर्यंत जाड पॅड, असा तो खेळ. खेळाडू विद्यापीठाचे विद्यार्थी असतात, पण प्रशिक्षकाचा रुबाब कुलगुरूंपेक्षा मोठा. अमेरिकेच्या कित्येक राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वाधिक पगार घेणारी व्यक्ती म्हणजे तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असते. कोण खेळणार, कोण बाकावर बसणार आणि बऱ्याचदा कुणाची शिष्यवृत्ती टिकणार, हे त्याच्या मर्जीवर ठरते.

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक पॅट फिट्झगेराल्ड यांच्यावर जुलै २०२३ मध्ये अशीच वेळ आली. संघात नव्या मुलांचे रॅगिंग होते, या तक्रारीची चौकशी झाली आणि ७ जुलै रोजी त्यांना दोन आठवड्यांसाठी निलंबित करण्यात आले. दुसऱ्याच दिवशी ‘संपूर्ण संघा’च्या नावाने एक पत्र बाहेर आले. आरोप अतिरंजित आणि खोटे आहेत, सरांना असे काही माहीत नव्हते, असा त्याचा सूर होता. आणखी दोन दिवसांनी फिट्झगेराल्ड यांना काढून टाकताना विद्यापीठाच्या अध्यक्षांनी सांगितले, की संघातल्या आजी-माजी अकरा खेळाडूंनी रॅगिंग चालत असल्याचे चौकशीत मान्य केले आहे. म्हणजे एकाच लॉकर रूममधून दोन साक्षी बाहेर आल्या होत्या. एक सगळ्यांच्या नावाने, जाहीर. दुसरी बंद दाराआड, नाव न सांगता.

फिट्झगेराल्ड न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये तडजोड झाली, तेव्हा विद्यापीठानेच मान्य केले, की कुणा खेळाडूने त्यांच्याकडे रॅगिंगची तक्रार केल्याचे किंवा त्यांनी त्याला मूक संमती दिल्याचे पुराव्यांतून सिद्ध होत नाही. प्रशिक्षकाच्या बाजूने हा निर्वाळा महत्त्वाचाच आहे. पण तो जरा उलटून वाचला तर काय दिसते? अकरा जणांना जे ठाऊक होते, ते त्यांच्यापैकी कुणी सरांना सांगितल्याचा पुरावा नाही.

मेरीलँड विद्यापीठात या गप्प बसण्याची किंमत जिवाने मोजावी लागली. २९ मे २०१८ रोजी तिथल्या फुटबॉल संघाच्या सरावात जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा धिप्पाड खेळाडू ११० यार्डांच्या लागोपाठ दहा धावा काढताना ढेपाळला. त्याच्या शरीराचे तापमान मैदानावर कुणी मोजले नाही. त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवले गेले नाही. रुग्णवाहिकेसाठी फोन गेला तो तासाभराने. रुग्णालयात पोचला तेव्हा त्याचे तापमान १०६ अंश फॅरनहाइट होते. १३ जून रोजी तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ऑगस्टमध्ये त्याच्या मृत्यूची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली.

मग प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांच्या कारभाराची चौकशी झाली. डर्किन यांच्याविषयी खेळाडूंची मते टोकाची वेगवेगळी होती. कुणासाठी ते वडिलांसारखे, कुणासाठी अपमान करणारे. आयोगाचा निष्कर्ष मोठा बोलका होता. संघाची संस्कृती ‘विषारी’ नव्हती, असे आयोगाने म्हटले. पण बोलायला घाबरणाऱ्या खेळाडूंची संख्या इतकी होती, की दुखणी आतल्या आत चिघळत गेली. ३० ऑक्टोबरला विद्यापीठाने डर्किन यांना पुन्हा रुजू करून घेतले, त्यांच्या पहिल्याच बैठकीतून काही खेळाडू उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काढून टाकण्यात आले.

भारतातही एकाच संघातून दोन साक्षी आलेल्या आहेत. २०१८ च्या टी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मिताली राजला वगळण्यात आले, सामना हातचा गेला, आणि प्रशिक्षक रमेश पोवार यांनी आपल्याला अपमानास्पद वागवले असे पत्र मितालीने बीसीसीआयला लिहिले. पोवार यांनी आरोप फेटाळले. काही दिवसांतच हरमनप्रीत आणि सांगलीची स्मृती मानधना यांनी पोवार यांनाच प्रशिक्षक ठेवावे, अशी पत्रे मंडळाला धाडली. मंडळाने तेव्हा डब्ल्यू. व्ही. रमण यांना नेमले. २०२१ मध्ये पोवार परत आले. त्या वादात कोण बरोबर होते, हे बाहेरून ठरवणे अवघड आहे, आणि त्याची गरजही नाही. संघात घेतलेल्या खेळाडूला दिसणारा प्रशिक्षक आणि वगळलेल्या खेळाडूला दिसणारा प्रशिक्षक ही एकाच माणसाची दोन रूपे असू शकतात. दोन्ही पत्रे आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात.

खेळाडू मनापासून बाजू घेतो, ते का? याचे पहिले उत्तर मानसशास्त्रात बरेच जुने आहे. १९५९ मध्ये एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी कॉलेजमधल्या मुलींवर एक प्रयोग केला. एका चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी काहींना अत्यंत लाजिरवाणा मजकूर मोठ्याने वाचायला लावला, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. नंतर सर्वांना त्या गटातली एक मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवली. जिने सर्वांत जास्त लाज सोसली, तिला ती चर्चा आणि तो गट सर्वांत छान वाटला. ज्यासाठी एवढे सोसले ते फालतू होते, हे मनाला कबूल करता येत नाही. मग मनच त्या सोसण्याला अर्थ देते. पहाटे पाचला उठून, उलटी होईपर्यंत धावलेला मुलगा ‘त्याचमुळे मी कणखर झालो’ म्हणतो, तेव्हा तो ढोंग करत नसतो.

दुसरे उत्तर साध्या हिशेबाचे. कौतुक करायला कोण उरते? टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी १९५४ मध्ये आपला संघ जंक्शन नावाच्या गावी नेला. ऐन दुष्काळ, रणरणते ऊन, दहा दिवसांचे शिबिर आणि सरावात पाणी बंद. शंभराच्या आसपास मुले गेली होती, पस्तीसच्या आसपास टिकली. बाकीची रात्री-अपरात्री बॅगा उचलून निघून गेली. एक खेळाडू उष्माघाताने मरता मरता वाचला. त्या हंगामात संघ दहापैकी नऊ सामने हरला, हे सांगायचे सहसा राहून जाते. दोन वर्षांनी त्यांनी आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले, ते मात्र आवर्जून सांगितले जाते. १९७९ मध्ये टिकलेल्यांचे स्नेहसंमेलन भरले आणि ‘जंक्शनची पोरे’ ही अमेरिकी क्रीडाविश्वातली दंतकथा झाली. रात्री पळून गेलेल्यांचे संमेलन भरत नाही.

तिसरे उत्तर आपल्या अगदी जवळचे. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, शालान्त परीक्षेत खेळाचे वाढीव गुण आहेत. त्यासाठी लागते प्रमाणपत्र, प्रमाणपत्रासाठी लागते संघातली निवड, आणि निवडीच्या वाटेवर उभे असतात सर. शेतकऱ्याच्या किंवा रिक्षावाल्याच्या घरातल्या मुलाला सरांनी बूट घेऊन दिलेले असतात, प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून भरलेला असतो. अशी कितीतरी सर मंडळी आहेत, हे खरेच आहे. पण त्या उपकाराखाली असलेला मुलगा सरांविरुद्ध बोलेल कसा? देशातला प्रशिक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार द्रोणाचार्यांच्या नावाने दिला जातो. एकलव्याला कुणी विचारले असते, तर अंगठा आपण राजीखुशीने दिला असेच त्याने सांगितले असते.

मग पाहायचे काय? याचे एक चांगले उत्तर मैदानाबाहेर, रुग्णालयात सापडले. एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकेतल्या रुग्णालयांत परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास केला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या तुकडीचे नेतृत्व चांगले, एकोपा चांगला, तिथे औषध देण्यातल्या चुका कमी असतील, अशी तिची अटकळ होती. आकडे उलटे आले. चांगल्या तुकड्यांत चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या! थोडे खोदल्यावर उलगडा झाला. चांगल्या तुकडीत चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. प्रमुख बाई ओरडणार नाहीत, हे ठाऊक असल्याने परिचारिका येऊन ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हणत. धाकातल्या तुकडीची वही कोरी राहत होती.

हाच मापदंड मैदानाला लावता येतो. खेळाडू सरांबद्दल किती चांगले बोलतात, यापेक्षा सरांसमोर ते काय बोलू शकतात, हे पाहायचे. ‘सर, चक्कर येतेय, थांबतो’ एवढे म्हणून मुलगा सावलीत जाऊन बसला, तर दुसऱ्या दिवशी तो संघात असतो का? गेल्या महिन्यात असे कितीजण थांबले? एकही नाही, असे उत्तर अभिमानाने आले तर ती काळजीची गोष्ट आहे. या दृष्टीने इंदूरच्या रात्रीचे रागावणे वेगळे ठरते. ते झालेल्या खेळाबद्दल होते, प्रौढ आणि नावाजलेल्या खेळाडूंसमोर होते, आणि त्याने कुणाचे पाणी बंद झाले नव्हते. अर्थात, उपांत्य सामना हरला असता तर तेच शब्द कसे आठवले गेले असते, कोण जाणे. जिंकलेल्या संघात सगळेच सर प्रेमळ असतात.

शरीराच्या बाबतीत हा बोलण्याचा हक्क शिष्टाचारापुरता राहत नाही. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो. उरलेली सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण हवा दमट असेल तर घाम सुकत नाही, नुसता टपटप गळतो, आणि गळलेला घाम शरीर थंड करत नाही. म्हणून खाडीकाठच्या पनवेलमधले ३५ अंश हे कोरड्या गावातल्या ३५ अंशांसारखे नसतात. क्रीडावैद्यकात यासाठी साधा पारा न बघता ओल्या फडक्यातल्या तापमापकाचा आकडा ७० टक्के, उन्हातल्या काळ्या गोळ्याचा २० टक्के आणि साध्या हवेचा १० टक्के धरून एक निर्देशांक काढतात. तो ३२ अंशांवर गेला की फुटबॉलच्या सामन्यात पाण्यासाठी खेळ थांबवावा, असे ‘फिफा’ची मार्गदर्शक सूचना सांगते.

दमट उष्मा काय करतो, हे पनवेल तालुक्याला वेगळे सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या खुल्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखोंचा समुदाय भर उन्हात बसला होता. उष्माघाताने १४ जण दगावले. पारा तेव्हा चाळिशीलाही पोचला नव्हता, आणि ती माणसे बसलेली होती, धावत नव्हती. त्याच खारघरमध्ये सिडकोने फुटबॉलसाठी उत्कृष्टता केंद्र उभारले आहे. पनवेल, खारघर, कामोठ्याच्या मैदानांवर कॉलेजची आणि अकादम्यांची मुले वर्षभर धावतात, ऑक्टोबरच्या उकाड्यातही.

व्यायामातला उष्माघात बाकीच्या उष्माघातापेक्षा फसवा असतो. घाम थांबतो, कातडी कोरडी पडते, ही शाळेत शिकलेली खूण इथे चालत नाही. मुलगा घामाने निथळत असतो आणि आतले तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेले असते. पहिला फटका मेंदूला बसतो. मुलगा चिडतो, असंबद्ध बोलतो, पाय अडखळतात, ‘मला काही झालेले नाही’ म्हणून हट्टाने पुढे धावायला बघतो. म्हणजे ज्या क्षणी त्याने थांबायला हवे, त्या क्षणी थांबायचा निर्णय घेणारा मेंदूच भाजत असतो. बाहेरून बघणाऱ्याला हे कधी जिद्द वाटते, कधी नाटक. सरांवर श्रद्धा असलेला, संघासाठी जीव टाकणारा मुलगा शरीराची धोक्याची घंटा सर्वांत उशिरा ऐकतो.

सिकलसेलची गोष्टही अशीच. या आजाराचे एकच जनुक अंगात असलेला माणूस रोजच्या जगण्यात ठणठणीत असतो. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत असे वाहक पुष्कळ आहेत आणि शिकायला, नोकरीला ते राज्यात सगळीकडे जातात. मात्र लागोपाठ वेगवान धावा काढायला लावल्या तर त्यांच्यापैकी एखादा मैदानावर अचानक गळून पडू शकतो. पाय साथ देत नाहीत, एवढेच तो सांगतो. ऐकणाऱ्याला तो आळस वाटतो. अमेरिकेच्या कॉलेज क्रीडा संघटनेने एका विद्यापीठातल्या अशा मृत्यूनंतर २०१० पासून पहिल्या श्रेणीच्या खेळाडूंसाठी सिकलसेलची तपासणी लागू केली. रक्ताची एक स्वस्त चाचणी असते ही.

आपल्या मैदानांवरची एक लाडकी शिक्षा या दृष्टीने पुन्हा तपासायला हवी. ‘उशिरा आलास? पाच राउंड मार!’ परीक्षेच्या सुट्टीनंतर, तापातून उठल्यावर किंवा गावाहून महिनाभराने परतलेल्या मुलाच्या वाट्याला ती हमखास येते. उष्म्याची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत होते. रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर आणि भरपूर येऊ लागतो, त्यातून मीठ कमी जाते. ही सवय सुट्टीत मोडते. म्हणजे सर्वांत कमी तयारी असलेल्या शरीराला सर्वांत जास्त धावण्याची शिक्षा मिळते, तीही पहिल्याच दिवशी. ज्या सरांना मुले देव मानतात, तेही हे करतात, कारण त्यांच्या सरांनी त्यांना असेच धावायला लावले होते.

मेरीलँडचा तो मृत्यू अटळ नव्हता, हे सर्वांत जास्त बोचते. मॅसॅच्युसेट्समधल्या फॅलमथ या गावी दर उन्हाळ्यात सात मैलांची शर्यत होते. तिथल्या वैद्यकीय तंबूत अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ धावपटू आले. सगळ्यांना लगेच बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवण्यात आले. २७४ पैकी २७४ वाचले. ही आकडेवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने उपचाराचा क्रम पक्का केला: आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या. पहिली तीस मिनिटे हातची जाऊ द्यायची नाहीत. आपल्याकडे मात्र मुलाला पंख्याखाली झोपवणे, कांदा हुंगवणे, तोंडात जबरदस्तीने पाणी ओतणे आणि मग गाडी शोधणे, यातच ती जातात. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालणे तर धोक्याचे. ते फुप्फुसात जाऊ शकते.

पनवेलसारख्या ठिकाणच्या कॉलेजला यासाठी मोठा खर्च नाही. दर मैदानावर डॉक्टर ठेवणे शक्य नाही, मान्य. पण सराव थांबवण्याचा अधिकार सरांखेरीज आणखी कुणाकडे तरी लेखी असू शकतो. कर्णधाराकडे, व्यवस्थापकाकडे, किंवा बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूकडेही. तो धावत नसतो, त्यामुळे त्याला आधी दिसते. वर्षातून एकदा खेळाडूंचे म्हणणे विचारायचे, तेही क्रीडा विभागाबाहेरच्या कुणी, नाव न विचारता. पालकांनीही ‘सर कसे आहेत?’ एवढेच न विचारता ‘आज पाणी कितीदा मिळाले?’ हे विचारायला हरकत नाही. चांगल्या सरांना यात अपमान वाटायचे कारण नाही. उलट उद्या काही विपरीत घडले तर मुलांच्या कौतुकाच्या पत्रापेक्षा ही वहीच त्यांच्या कामी येईल.

टब नसला तरी चालतो. ताडपत्री पुरते. मुलाला तिच्यावर निजवायचे, चारी बाजूंनी सहा-सात जणांनी कडा वर उचलून धरायच्या म्हणजे मधे खोलगट होते, आणि त्यात पाणी व बर्फ ओतून ते सतत हलवत राहायचे. डोके पाण्याबाहेर हवे, ते एकाने धरायचे. एकाने तोवर १०८ ला फोन लावायचा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणे थांबवायचे नाही. ताडपत्री कुणाच्या ताब्यात, फोन कोण करणार, बर्फ कुठून आणायचा, हे सरावाच्या पहिल्या दिवशीच ठरवून ठेवायचे. बर्फासाठी पनवेलमध्ये लांब जावे लागत नाही. मासळी बाजारात तो मिळतो.